आधी पंचनामा, मग भरपाई

गंगाखेडच्या घाटावर गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस विरळाच; ती गंगाच. त्यामुळे पारावर भांडण मिटवताना ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हटलं, की सगळं खरोखरच शेजारच्या नदीत वाहून गेल्यासारखं वाटतं. मानसशास्त्र मात्र तसं म्हणत नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी यांनी सहकाऱ्यांसोबत माफीचे सहा भाग पाडले आणि साडेसातशेवर लोकांना ते जोखायला लावले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्यांत वजनदार ठरली ‘चूक आमचीच’ ही कबुली, त्याखालोखाल भरपाईची तयारी. ‘क्षमा करा’ ही विनवणी सगळ्यांत हलकी निघाली! प्रयोग नोकरीतल्या चुकांवरचा होता, युद्धातल्या अत्याचारांना तो जसाच्या तसा लावणं धाडसाचं. पण इतिहासाशी ताडून पाहिला, तर बराच जुळतो.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने कोरियासह अनेक देशांतल्या स्त्रियांना लैंगिक गुलामीत ढकललं. त्यांच्यासाठी १९९५ मध्ये जपानात निधी उभा राहिला: प्रत्येकी २० लाख येन आणि पंतप्रधानांचं क्षमापत्र. तरी दक्षिण कोरियातल्या बऱ्याच जणींनी तो नाकारला, कारण ते येन लोकांच्या देणग्यांतले होते, सरकारी तिजोरीतले नव्हते. दान कोणतं आणि देणं कोणतं, हे त्या आज्यांना बरोबर कळत होतं.

अमेरिकेने युद्धकाळात सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर मिळाले. त्याहून मोलाचं म्हणजे, वंशद्वेष, युद्धज्वर आणि नेत्यांचं अपयश ही कारणं कायद्यातच लिहिली गेली.

गारपीट झाली की आपल्याकडे तलाठी बांधावर येतो, आधी पंचनामा होतो. १९४८ चा पंचनामा? निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या जुलमाच्या आठवणी मराठवाड्यात घरोघर आहेत. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजांनी निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतल्यावर, मुसलमानांवर उगवलेल्या सुडाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्ग्याला. अहवाल तेव्हा प्रसिद्धच झाला नाही. दिल्लीत तो अभ्यासकांना खुला झाला, तेव्हा २०१३ उजाडलं होतं.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकल्यावर पारावर विचारून पाहा, दोन्हीकडच्या मेलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवलीत का. बहुधा उत्तर येईल, “जाऊ द्या आता, गंगेला मिळालं.”