पीडीबीच्या फायलीत मोजलेलं किती आणि मांडलेलं किती

डिसेंबर 2006 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटंसं पत्र छापून आलं. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत जेफ्री चँग यांच्या गटाने पेशीच्या पटलातल्या काही प्रोटीनांच्या संरचना सोडवल्या होत्या. त्यातली एमएसबीए ही सर्वात गाजलेली. त्या संरचना चुकल्या आहेत, असं ते पत्र सांगत होतं. पाच शोधनिबंध रद्द झाले. कारण काय, तर प्रयोगशाळेत घरच्या घरी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. जोडीजोडीने येणाऱ्या दोन मोजमापांची तो अदलाबदल करत होता, त्यामुळे त्यांच्यातल्या फरकाचं चिन्ह उलटं होत होतं. अधिकच्या जागी उणे. तेवढ्याने इलेक्ट्रॉन घनतेचा, म्हणजे प्रोटीनचे अणू कुठे आहेत ते दाखवणारा, अख्खा नकाशा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटला आणि त्या उलट्या नकाशात प्रोटीन बसवलं गेलं.

ही गोष्ट वैज्ञानिक चुकांच्या यादीत नेहमी सांगितली जाते. सांगताना ‘त्यांचा डेटा चुकीचा निघाला’ असं मात्र सर्रास म्हटलं जातं, आणि माझा आक्षेप तिथे आहे. स्फटिकातून आलेले ठिपके खरे होते. चूक शिरली ती मोजणीनंतरच्या पायरीवर, आणि फसलं ते मॉडेल. डेटा आणि मॉडेल या दोन गोष्टी आपण बोलताना ‘संरचना’ या एकाच शब्दात कोंबतो, आणि पुढचे बरेचसे घोळ तिथून सुरू होतात.

आधी डेटा. प्रोटीनचा स्फटिक क्ष-किरणांच्या झोतात थोडाथोडा फिरवतात आणि प्रत्येक टप्प्यावर डिटेक्टर एक फ्रेम टिपतो. फ्रेमवर असतात ठिपके, काही गडद, काही जेमतेम दिसणारे. हजारो फ्रेममधल्या ठिपक्यांची तीव्रता मोजून, एकमेकांशी जुळवून, सरासरी काढून जी यादी बनते ती स्ट्रक्चर फॅक्टरची. निसर्गाने दिलेलं एवढंच. त्यातही निम्मं हरवलेलं असतं. नकाशा काढायला प्रत्येक लहरीची तीव्रता लागते तशी कलाही (फेज, म्हणजे लहरीचं शिखर नेमकं कुठे येतं ते) लागते, आणि कला डिटेक्टरवर उमटतच नाही. ती जड अणूंच्या साहाय्याने किंवा एखाद्या ओळखीच्या प्रोटीनचा आधार घेऊन मिळवावी लागते.

मॉडेल तिथून पुढे सुरू होतं. मिळालेल्या धूसर नकाशात माणूस (हल्ली बहुतेक वेळा प्रोग्राम) प्रोटीनची साखळी ओवत जातो. प्रत्येक अणूला तीन निर्देशांक देतो, आणि तो अणू किती हलतो याचा एक आकडा, बी-फॅक्टर. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे पीडीबीवरून आपण जी फाइल उतरवून घेतो ती ही निर्देशांकांची. कोर्टाच्या भाषेत फ्रेम म्हणजे पंचनामा आणि मॉडेल म्हणजे निकालपत्र. फरक एवढाच की इथे पंचनामा करणारा आणि निकाल लिहिणारा बहुधा एकच असतो, आणि निकाल लिहिताना पंचनाम्याकडे बघण्याची त्याची नजर आधीच बदललेली असते.

या बदललेल्या नजरेवर उतारा म्हणून 1992 मध्ये अॅक्सेल ब्रुंगर यांनी आर-फ्री हा आकडा सुचवला. त्याआधी मॉडेल डेटाशी किती जुळतं हे नुसत्या आर-गुणकावर (जितका कमी तितकं चांगलं) ठरायचं. पण मॉडेलमधले आकडे वाढवत गेलं की आर-गुणक खाली आणता येतो, मॉडेल बरोबर असो वा नसो. ब्रुंगर यांची युक्ती साधी होती: पाच-दहा टक्के ठिपके सुरुवातीलाच बाजूला काढायचे, मॉडेल सुधारताना त्यांना हात लावायचा नाही, आणि शेवटी मॉडेल त्यांचं भाकीत करू शकतं का ते बघायचं. पेपर फुटू नये म्हणून परीक्षेपर्यंत तो कुलपात ठेवावा, तसं. तीनच वर्षांनी क्लायवेट आणि जोन्स यांनी मुद्दाम एक वात्रट प्रयोग केला. एका प्रोटीनची साखळी त्यांनी नकाशात उलट्या दिशेने, शेपटाकडून डोक्याकडे, ओवली. आर-गुणक 21 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे छापण्याजोगा. आर-फ्री मात्र 60 च्या वर. निव्वळ यादृच्छिक अणू टाकले तरी आर-गुणक साधारण 59 टक्के येतो, हे लक्षात घेतलं की त्या आकड्यातला विनोद कळतो.

मग चँग यांच्या वेळी आर-फ्रीने घंटा का नाही वाजवली? एमएसबीएच्या पहिल्या संरचनेचं रेझोल्यूशन, म्हणजे डेटात किती बारीक तपशील दिसतो ते, 4.5 अँगस्ट्रॉम होतं (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग; आकडा जितका मोठा तितकं चित्र धूसर). इतक्या धूसर नकाशात हेलिक्स नळकांड्यासारखी दिसते. तिचं मळसूत्र उजवं की डावं, ते उमगत नाही. ठिपकेही कमी, त्यामुळे मॉडेलला वाट चुकायला भरपूर मोकळीक. शेवटी घंटा वाजवली ती दुसऱ्याच प्रोटीनने. सप्टेंबर 2006 मध्ये झ्युरिकच्या डॉसन आणि लोखर यांनी एमएसबीएच्या नात्यातल्या सॅव्ह1866 या प्रोटीनची 3 अँगस्ट्रॉमची संरचना प्रसिद्ध केली, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावर नातं जुळेना.

रेझोल्यूशनचा आकडा बघून मॉडेलची परीक्षा करणारेही पुष्कळ. ‘1.8 अँगस्ट्रॉमची संरचना आहे, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही.’ रेझोल्यूशन हा डेटाचा गुण आहे. स्वच्छ चष्मा लावूनही माणूस चुकीचं वाचू शकतो. विशेषतः औषधाचा छोटा रेणू प्रोटीनच्या खोबणीत बसलेला दाखवतात, तेव्हा तिथला नकाशा उघडून बघावा. पाण्याचे दोन-तीन रेणू असावेत एवढ्याशा घनतेत आख्खं औषध बसवलेलं सापडू शकतं.

उलट दिशेची गल्लतही तितकीच होते. पीडीबीच्या प्रत्येक नोंदीसोबत पडताळणी अहवाल येतो, वरच लाल ते निळ्या पट्ट्या. निळ्याकडे चांगलं. त्या पट्ट्या मी अनेकांना नुसत्या डोळ्यांखालून घालताना पाहिलं आहे. नीट बघा: अणूंची टक्कर, बाजूच्या साखळ्यांची ठेवण आणि रामचंद्रन आलेख या तीन पट्ट्या केवळ मॉडेल तपासतात. रामचंद्रन आलेख आपल्याकडचाच, 1963 मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी मांडलेला; प्रोटीनचा कणा कुठल्या कोनांत वळू शकतो आणि कुठल्या नाही, ते तो दाखवतो. उरलेल्या दोन पट्ट्या, आर-फ्री आणि नकाशाशी न जुळणाऱ्या जागांची, मॉडेल आणि डेटा यांचं जमतं का ते सांगतात. मुळात डेटा खरा आहे का, हे विचारणारी पट्टीच नाही.

आणि हा प्रश्न पुढे आलाच. 2006 मध्येच ‘नेचर’मध्ये सी3बी या रोगप्रतिकारक प्रोटीनची संरचना छापून आली, पीडीबी क्रमांक 2एचआर0. मॉडेल दिसायला ठाकठीक होतं. पण प्रोटीनच्या स्फटिकात सर्वसाधारणपणे निम्म्याच्या आसपास पाणी असतं, आणि त्या पाण्याची खूण डेटात उमटतेच. इथे ती खूण नव्हती. शिवाय मॉडेलप्रमाणे स्फटिकात रेणूंचे थर एकमेकांना टेकतच नव्हते, मधे मोठी पोकळी. असा स्फटिक उभा कसा राहील? 2007 मध्ये यान्सेन, रीड, ब्रुंगर आणि ग्रोस यांनी हे प्रश्न जाहीरपणे मांडले. 2009 मध्ये बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाने चौकशीअंती त्या प्रयोगशाळेच्या बारा संरचना मागे घ्यायला सांगितल्या. म्हणजे चँग यांच्या प्रकरणाच्या बरोबर उलट: तिथे डेटा खरा आणि मॉडेल चुकलेलं, इथे मॉडेल देखणं आणि संशय थेट डेटावर. दोन्हींना ‘संरचना चुकली’ म्हणून एका पोत्यात भरणं हा पहिल्यावर अन्याय आहे.

सी3बीचं हे प्रकरण पकडता आलं ते स्ट्रक्चर फॅक्टर जमा केलेले होते म्हणून. पीडीबी 1971 मध्ये ब्रुकहेवनला सात संरचनांनिशी सुरू झाली. स्ट्रक्चर फॅक्टर जमा करण्याची सक्ती आली ती 1 फेब्रुवारी 2008 पासून. सदतीस वर्षं निकालपत्र ठेवायचं आणि पंचनामा ऐच्छिक! त्या काळातल्या ज्या नोंदींसोबत डेटा नाही, त्यांची फेरतपासणी करायची कशी? पीडीबी-रीडू हा नेदरलँड्समधला प्रकल्प जुनी मॉडेलं नव्या सॉफ्टवेअरने सुधारतो, पण डेटा नसलेल्या नोंदीपुढे त्याचेही हात टेकतात.

स्ट्रक्चर फॅक्टरही अखेर प्रक्रिया केलेला माल आहे. पूर्वी फ्रेमच्या कडेचे क्षीण ठिपके ‘गोंगाट’ म्हणून टाकून देत. 2012 मध्ये कार्प्लस आणि डिडेरिक्स यांनी दाखवलं की त्यांतल्या पुष्कळ ठिपक्यांत उपयोगी माहिती असते. ज्यांनी 2 अँगस्ट्रॉमवर डेटा छाटून फक्त यादी जपली, त्यांना ती आता कुठून मिळणार? फ्रेम ठेवलेल्या असतील तरच. फ्रेम ठेवायला आता झेनोडो, एसबीग्रिड, जपानचं एक्सआरडीए अशी ठिकाणं आहेत. सक्ती मात्र नाही.

फ्रेम नुसत्या साठवूनही भागत नाही. तरंगलांबी, डिटेक्टरचं अंतर, किरण डिटेक्टरवर कुठे पडतो तो बिंदू, स्फटिक कुठल्या दिशेने फिरला, हे सोबत नसेल तर दहा वर्षांनी त्या काळ्या ठिपक्यांच्या चित्रांपलीकडे काही उरत नाही. इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रोटीन स्फटिकशास्त्राची बीमलाइन आहे. तिथून हार्ड डिस्क भरून परतणाऱ्या विद्यार्थ्याने फ्रेमसोबत ही चार वाक्यं साध्या मजकूर फायलीत लिहून ठेवली, तरी पुढच्याचं निम्मं काम होतं.

प्रोटीनच्या संरचनेचं भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रणालीमुळे तर प्रयोगाचा डेटाच नसलेली मॉडेलं कोट्यवधींनी उपलब्ध झाली आहेत. तिथला एक खोडसाळ तपशील: मॉडेलवरचा भरवसा सांगणारा आकडा फायलीत बी-फॅक्टरच्याच रकान्यात ठेवलेला असतो. बी-फॅक्टर मोठा म्हणजे अणू अस्थिर. अल्फाफोल्डचा आकडा मोठा म्हणजे भरवसा जास्त. सवयीने रंग भरले की पक्का भाग कच्चा दिसतो आणि कच्चा भाग पक्का.

चँग यांच्या गटाने 2007 मध्ये एमएसबीएच्या दुरुस्त संरचना प्रसिद्ध केल्या. जुनी संरचना, क्रमांक 1जेएसक्यू, पीडीबीत शोधली तर ती रद्द झाल्याचा शेरा दिसतो. फाइल मात्र पुसलेली नाही. ती आजही उतरवून घेता येते.