नवं नाटक हाती येतं कसं? शिफारशींची पार्श्वभूमी

‘आज लिहिणाऱ्यांपैकी कुणाचं नाटक बसवू?’ स्पर्धांचे अर्ज निघाले की हौशी संस्थांत हा प्रश्न हमखास येतो. पुस्तकाच्या दुकानात त्याचं उत्तर क्वचितच सापडतं. मराठीत नवं नाटक आधी प्रयोगातून कळतं; छापलं गेलंच तर नंतर.

मासिकांचा जमाना होता तेव्हा चित्र वेगळं होतं. महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथे’त आली, विजया मेहतांनी ती वाचली आणि ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतर्फे रंगमंचावर आणली. नागपूरच्या नवख्या लेखकाला मुंबईतली दिग्दर्शिका मिळाली ती मासिकाच्या एका अंकामुळे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली आणि ही वाट अरुंद झाली.

नव्या लेखकांची खरी भिस्त मग स्पर्धांवर राहिली. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासूनची, तर पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकांनी सुरू केलेला पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासूनचा. स्पर्धेतली एकांकिका तासाभराच्या आत संपवावी लागते, म्हणून लेखकाचा कल धक्कादायक शेवटाकडे जातो. तिचंच पुढे दोन अंकी नाटक केलं, की गोष्ट मध्यंतरालाच संपते आणि दुसरा अंक नुसता ताणला जातो. प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ही मुळात एकांकिकाच, पण २०१७ साली दोन अंकांत आलं तेव्हा ते ताणलेलं वाटलं नाही. पायात काटा रुतलेली तुकारामांची बायको आवली आणि तिची शुश्रूषा करायला लखूबाई होऊन आलेली रखुमाई, एवढी दोनच पात्रं. त्यांच्या नात्यातच दोन अंकांचा ऐवज होता. एकांकिका वाढवण्याआधी नेमकं हेच तपासावं.

दुसरा प्रवाह समांतर, म्हणजे व्यावसायिक नसलेल्या प्रायोगिक रंगभूमीचा. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून प्रयोग सुरू केले. जागा लहान, पैसा कमी, त्यामुळे नेपथ्य मोजकं आणि सगळा भार शब्दांवर व नटावर. या वळणाची नाटकं गावातल्या साध्या सभागृहातही उभी राहतात, म्हणून नव्या संस्थेला मी आधी तीच सुचवेन. तिसरं काम पुण्याच्या थिएटर अकॅडमीचं: १९८५ ते १९९४ या काळात, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, नाटककार घडवण्याच्या आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्था उभ्या करण्याच्या योजना तिने राबवल्या.

आज नावं सुचवताना हा वारसा उपयोगी पडतो. कॉलेजच्या वयाचा संच असेल तर धर्मकीर्ती सुमंत यांचं ‘गेली एकवीस वर्षं’ जरूर वाचावं. दत्ता पाटलांचं ‘हंडाभर चांदण्या’ पाणीटंचाईवरचं आहे. बोलीवर मेहनत घेणारे नट हवेत. राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ घ्यायचं, तर प्रत्यक्ष गाणारे शाहीर लागतात. रेकॉर्ड लावून त्यातली धग येत नाही.

नाटक ठरलं की लेखकाची लेखी परवानगी घ्यावी आणि शेवटची सुधारित संहिताही त्यांच्याकडूनच मागावी. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेल्या प्रतीत बरेचदा तालमीतले जुने बदल आणि गाळलेली पानं असतात. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्रही लागतं. याच मंडळाने सुचवलेल्या कापाकापीविरुद्ध विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’साठी दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळाकडे जी प्रत पाठवाल, तीच तालमीत वापरा.