'न्यायचं नाही' आणि 'यायचं नाही' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

समुद्रकाठच्या राखीव भागाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. एक म्हणतो सगळं बंद करून टाका, माणूस आला की वाट लागलीच समजा, आणि दुसरा म्हणतो अहो मी काय मासे पकडतोय का, नुसता फिरतोय ना, मग मला कशाला अडवताय. मला दोघंही पटत नाहीत, कारण दोघांनीही दोन वेगळे नियम एकातच कालवलेले असतात. एक नो-टेक आणि दुसरा नो-एन्ट्री.

नो-टेक म्हणजे खुशाल या, पोहा, स्नॉर्केलिंग करा, फोटो काढा, पण जाताना काही न्यायचं नाही. मासा नाही, कालवं नाहीत, रिकामा शंखसुद्धा नाही (रिकामा आपल्याला वाटतो हो, शंखात राहणाऱ्या खेकड्याला तेच पुढचं घर असतं). नो-एन्ट्री म्हणजे हात खिशात घालून आलात तरी नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्कच्या नकाशावर हा फरक चक्क रंगात दिसतो. हिरव्या भागात बोट न्या, डायव्हिंग करा, फक्त मासेमारी नाही. गुलाबी भागात लेखी परवानगीशिवाय पाऊलच टाकायचं नाही. २००४ मध्ये झोनची नव्याने आखणी झाली तेव्हा हिरवा भाग पार्कच्या ५ टक्क्यांहून कमी होता तो ३३ टक्क्यांवर गेला, गुलाबी मात्र एका टक्क्याच्याही आत आहे. म्हणजे जिथे बंदी आहे असं आपण म्हणतो त्यातल्या बहुतेक ठिकाणी माणसाला जाता येतं, हे लोकांना सांगितलं की खरंच वाटत नाही.

मग दोन नियम हवेत कशाला? कारण सगळे जीव एकाच गोष्टीने मरत नाहीत. माशाचं नुकसान होतं ते त्याला उचलून नेल्यामुळे. तुम्ही शेजारून पोहत गेलात तर तो जरा बाजूला होतो आणि परत येतो, विषय संपला. वाळूत अंडी घालणाऱ्या पक्ष्याचं उलटं आहे. चिखल्या किंवा सुरय यांचं घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची, तुम्हाला दिसतसुद्धा नाहीत. तुम्ही जवळ आलात की पक्षी उठतो, अंडी उन्हात तापतात, नाहीतर कावळा किंवा कुरव पक्षी टपलेलाच असतो, आणि तुम्ही मात्र घरी जाऊन सांगता की आम्ही कशाला हातसुद्धा लावला नाही. खरंय, नाहीच लावला. तिथे नो-टेकची पाटी लावून काडीचा उपयोग नाही.

आणि उलटही. माशांसाठी नो-एन्ट्री लावली तर मासे वाचतात, पण लोकांनी पाहायलाच न मिळाल्यामुळे त्यांना त्या जागेचं सोयरसुतक राहत नाही. न्यूझीलंडमधल्या ली गावाजवळचं सागरी अभयारण्य १९७५ साली जाहीर झालं, देशातलं पहिलंच. मासेमारी बंद पण माणसं नाही. आधी स्नॅपर मासे आणि शेवंड इतके काढले गेले होते की त्यांचं खाद्य असलेले काटेरी सी-अर्चिन माजले आणि त्यांनी केल्पचं, म्हणजे मोठ्या समुद्रशेवाळाचं जंगल कुरतडून खडक उघडेबोडके केले. बंदीनंतर मोठे स्नॅपर परत आले, अर्चिन कमी झाले, केल्प परत उगवलं. हे सगळं शाळेची पोरं मास्क लावून किनाऱ्यापासून चार हातांवर बघू शकतात. भिंत घातली असती तर हे फक्त अहवालात वाचायला मिळालं असतं.

आता ज्यावर लोक सगळ्यात जास्त गडबडतात ते म्हणजे वेळ. पक्ष्यांसाठीची नो-एन्ट्री बहुतेक वेळा हंगामी असते, पिल्लं उडाली की दोर काढला तरी बिघडत नाही, पुढच्या वर्षी परत लावायचा. नो-टेकला तसं चालत नाही. मोठी मादी छोट्या मादीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते आणि तेवढी मोठी व्हायला तिला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे 'अकरा महिने बंद, एक महिना खुलं' असं केलंत तर त्या एका महिन्यात दहा वर्षांची कमाई जाळ्यात जाते. हा ऑप्शन मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवतंच, आणि ऐकायला इतका समजूतदार वाटतो की भल्याभल्यांच्या माना डोलतात.

तरी नो-टेक म्हणजे काम झालं असं समजू नका. थायलंडची माया बे ही खाडी राष्ट्रीय उद्यानातच होती, पण दिवसाला ५,००० पर्यंत माणसं यायची आणि बोटींच्या नांगरांनी प्रवाळांचा चुराडा झाला. लोक काही चोरत नव्हते हो, नुसते येत होते. जून २०१८ मध्ये ती पूर्ण बंद केली, आधी चार महिन्यांसाठी म्हणून, आणि उघडली थेट जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात परांची टोकं काळी असलेल्या मुशी (शार्क) उथळ पाण्यात परत फिरायला लागल्या. आता बोटी खाडीत येत नाहीत, मागच्या बाजूला लागतात, आणि माणसं मोजून सोडतात. हवाईच्या हानाउमा बेमध्ये तर गंमतच झाली, १९६७ पासून मासेमारीला बंदी, त्यामुळे मासे माणसाळले, ते बघायला इतकी झुंबड उडाली की आता आठवड्यातून दोन दिवस खाडीला सुट्टी असते आणि पाण्यात उतरण्याआधी व्हिडिओ बघावा लागतो. म्हणजे नो-टेक चांगलं चाललं की गर्दीचा प्रश्न मागून येतो, तो वेगळाच सोडवावा लागतो.

राखणीचा हिशोबही वेगळा आहे. नो-एन्ट्रीत माणूस दिसला की तो चुकलाच, लांबून दुर्बिणीनेही कळतं. नो-टेकमध्ये बोटीत गळ आहे की नुसता कॅमेरा, ते जवळ जाऊन बघावं लागतं. पण तिथे रोज येणारे डायव्हरच तुमचे पहारेकरी होतात, हा फायदा बंद जागेला मिळत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो कॅलिफोर्नियातला कोल ऑइल पॉइंटचा किनारा. तिथे चिखल्याची एक जात, स्नोई प्लोव्हर, कित्येक वर्षं अंडी घालणं सोडूनच बसली होती. २००१ पासून कोरड्या वाळूचा फक्त घरट्यांचा पट्टा दोराने वेगळा केला, लोकांशी बोलायला स्वयंसेवक उभे केले, आणि पक्षी परत पिल्लं काढायला लागले. किनारा बंद नाही झाला. ओल्या वाळूवरून पाण्याच्या कडेकडेने लोक चालतात, कुत्र्याला मात्र पट्टा. दोर एवढा साधा की कुणीही ओलांडेल, म्हणून तर बाजूला माणूस लागतो, जो ओरडत नाही, दुर्बीण हातात देतो आणि म्हणतो, तो बघा, तिकडे, वाळूचा गोळा दिसतोय ना, तो हलतोय.