कोन्सोआद : नाताळचा फराळ

नाताळच्या दिवसांत गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी गोडाचे ताट जाते. नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, कुलकुल, चण्याच्या डाळीचा दोस, पेरूची पेराद, जे घरात झाले असेल ते थोडे थोडे मांडायचे आणि वर भरतकामाचा नाहीतर विणलेला रुमाल घालायचा. ताट पोचवण्याचे काम बहुधा मुलांकडे असते. या ताटाला आणि ते पाठवण्याच्या रीतीलाही कोन्सोआद म्हणतात. ज्या घरात वर्षभरात मयत झाली आहे, तिथे गोडधोड करत नाहीत. त्या घरी ताट मात्र आवर्जून जाते. मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. वर्ष न सरलेल्या घरात दिवाळीचा फराळ तळत नाहीत आणि नातलग, शेजारी त्या घरी डबे नेऊन देतात, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे.

शब्द पोर्तुगीज आहे. (आपला ‘नाताळ’ही पोर्तुगीजच, जन्म या अर्थाच्या ‘नाताल’वरून आलेला.) पोर्तुगीज कोशांत ‘कोन्सोआदा’चे मूळ सहसा लॅटिन ‘कोन्सोलारे’ या क्रियापदाकडे नेले जाते. त्याचा अर्थ सांत्वन करणे, धीर देणे. गोडाच्या ताटाला सांत्वनाचे नाव का पडावे, याचे उत्तर उपवासात आहे.

चर्चच्या जुन्या शिस्तीत उपवासाच्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे. रात्री अगदी थोडे काही खायची मुभा असे. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटाला दिलेल्या त्या दिलाशालाच कोन्सोआदा म्हणत. पुढे हा शब्द नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला चिकटला, आणि त्याहून पुढे नाताळला द्यायच्या भेटीलाही. पोर्तुगीज कोशांत हे तिन्ही अर्थ सापडतात. ‘फराळ’ हा शब्द आठवून पाहा. फलाहारापासून निघालेला, एकादशीला उपवासाचे खाणे म्हणून वावरणारा आणि दिवाळीत चकली-करंजीने भरलेला डबा होऊन शेजारी जाणारा. दोन दूरच्या भाषांनी एकाच वाटेने चालावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

नाताळपूर्वीचा उपवास खूप जुना. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास नेमून दिला. त्याच शतकात, 440 ते 461 या काळात पोप असलेले थोरले लिओ रोममध्ये डिसेंबरच्या उपवासावर प्रवचने करत. त्यांचे सांगणे साधे होते: उपवास करणारा जे खात नाही, ते गरिबाचे जेवण व्हावे. स्वतःच्या ताटातला घास वाचवायचा तो साठवण्यासाठी नव्हे. त्यामुळे न खाणे आणि देणे या दोन वेगळ्या गोष्टी उरतच नाहीत. नाताळच्या दानाविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा खरेदी आणि भेटवस्तूंपासून सुरुवात करतो. लिओंची सुरुवात भुकेपासून होते, आणि मला तीच खरी वाटते.

सांत्वनाचा धागा याहूनही मागे जातो. नाताळची वाट पाहण्याच्या आगमनकाळात चर्चमध्ये यशयाच्या पुस्तकाचा चाळीसावा अध्याय वाचतात. त्याची सुरुवात ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा’ अशी आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबेलच्या फौजेने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले आणि लोकांना देशोधडीला लावले. त्या लोकांना उद्देशून आलेले हे शब्द आहेत. घर गेलेल्या माणसांशी कसे बोलावे, हे त्यात आहे. म्हणूनच नाताळची तयारी आनंदाच्या गाण्यांआधी या हाकेने होते.

पोर्तुगालमध्ये कोन्सोआदाच्या रात्री अजूनही बहुतेक घरांत मांस नसते. बटाटे आणि कोबीबरोबर उकडलेला खारवलेला कॉड मासा असतो, कारण ते जेवण मुळात उपवासाच्या दिवसाचे. उत्तरेकडच्या मिन्यो आणि त्राज-उश-मोन्तिश या भागांत जेवण झाल्यावर टेबल आवरत नसत. घरातल्या गेलेल्या माणसांच्या आत्म्यांसाठी ते रात्रभर तसेच मांडलेले ठेवायची रीत होती. सणाच्या जेवणात मृतांची आठवण अशी जवळच बसलेली असे.

1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्क यांनी गोवा घेतला. त्यानंतर काही वर्षांतच इथे मिझेरिकॉर्दिया आली. ही दयेची कामे करणाऱ्या गृहस्थांची संस्था. मूळ संस्था राणी लिओनोर यांनी 1498 मध्ये लिस्बनला स्थापली होती. आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांना मदत, बेवारस मृतांचे दफन, अनाथ मुलींचा सांभाळ ही तिची कामे. कॅथलिक परंपरेत दयेची चौदा कृत्ये मोजतात, सात शरीरासाठी आणि सात आत्म्यासाठी. भुकेल्याला जेवू घालणे पहिल्या सातांत येते, तर दुःखिताचे सांत्वन दुसऱ्या सातांत. मयत झालेल्या घरी गेलेले ताट ही दोन्ही कृत्ये एका फेरीत करते.

पण सगळे श्रेय जहाजातून आलेल्या शब्दाला देणे चुकीचे ठरेल. सणासुदीला वाड्यावर, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीत, गोड वाटणे इथल्या मातीत आधीपासून होते. लग्नात वधूकडून येणारे ‘वोजें’ म्हणजे गोडाच्या आणि केळ्यांच्या टोपल्या. त्यातला वाटा वाड्यावरच्या घरांत पोचवण्याची पद्धत ख्रिस्ती कुटुंबांतही टिकली. नेवरी ही आपल्या करंजीची सख्खी बहीण, आणि दोदोलात नारळाचा रस आणि माडाचा गूळ. हे सगळे सहज टिकले, असेही नाही. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मबाह्य आचारविचारांची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले आणि ते कायमचे संपायला 1812 उजाडले. 1736 च्या त्याच्या फर्मानाने लग्नातली हळद, विड्याची पाने आणि सुपारी देणे अशा किती तरी चालींवर बंदी आणली. दयेच्या संस्था आणि ही दहशत एकाच राजवटीत, एकाच शहरात नांदत होत्या. नाताळच्या ताटाचा इतिहास सांगताना हे वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बायकांनी स्वयंपाकघरात जे राखले, ते अशा काळातून राखले.

वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. पोर्तुगीज गेले, नाताळ राहिला. वसईपासून मुंबईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत आजही कुलकुल वळायला बायका-मुले एकत्र बसतात आणि सणाला ताटे शेजारी जातात. गोव्यातून कानडी मुलुखात गेलेल्या कुटुंबांनी ही रीत मंगळुरूला नेली. तिथे नाताळच्या गोडधोडाला ‘कुस्वार’ म्हणतात आणि तो शब्द कोन्सोआदावरूनच आला, असे मानले जाते.

उपवास मात्र मागे पडला. 1917 च्या चर्चच्या कायदेसंहितेत नाताळच्या आदल्या दिवशीचा उपवास बंधनकारक होता. 1966 मध्ये पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम बदलले आणि तो दिवस यादीतून गेला. आता नेवऱ्याही पुष्कळदा विकतच्या असतात, ताटाच्या जागी पुठ्ठ्याचा खोका आला आहे. पण डिसेंबरात गोडाचे वाटे घालताना अजूनही विचारले जाते, यंदा कुणाच्या घरी करणार नाहीत? तो वाटा सगळ्यांत आधी बाजूला काढतात.