प्रोस्टेट कर्करोगाची चाळणी : अल्पसाधन देश आणि वैद्यकीय शिक्षण

प्रोस्टेट (अष्ठीला, पुरःस्थ) ग्रंथीचा कर्करोग लक्षणे दिसण्यापूर्वी सापडावा म्हणून वरवर निरोगी असलेल्या पुरुषांची केलेली तपासणी. रक्तातील प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजन (पीएसए) या प्रथिनाचे मापन आणि गुदमार्गे बोटाने केलेली तपासणी ही तिची दोन जुनी साधने. मूत्ररोगतज्ज्ञ, विकृतिविज्ञानाची प्रयोगशाळा आणि किरणोपचार मोजक्या शहरांतच मिळतात अशा देशांत, कोणाला ही चाचणी सांगायची आणि कोणाला नाही याचा निर्णय पुष्कळदा नुकतीच पदवी घेतलेल्या डॉक्टरावर येतो. त्यामुळे तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना या विषयाची कितपत जाण आहे, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला आहे.

रोगाचा भार : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात या कर्करोगाचे सुमारे १४.७ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३.९७ लाख मृत्यू झाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये वर्तवल्याप्रमाणे नव्या रुग्णांची वार्षिक संख्या २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल. यातील मोठी वाढ अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अपेक्षित आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिका आणि कॅरिबियन बेटे येथे मृत्युदर सर्वाधिक आहेत. युगांडातील कंपाला येथील कर्करोग नोंदवही (स्थापना बहुधा १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात) आफ्रिकेतील जुन्या नोंदवह्यांपैकी एक होय. तिच्यानुसार १९९१ ते २००६ या काळात या कर्करोगाचे प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढले. ही वाढ किती खरी आणि किती अधिक तपासण्यांमुळे दिसणारी, यावर मतभेद आहेत. तेथे सरसकट चाळणी कधीच नव्हती, हे पाहता निदान काही वाढ तरी खरी असावी.

प्रतिजनाचा शोध : पीएसए प्रथम कोणी शोधले, हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. अमेरिकेतील रुबिन फ्लॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये प्रोस्टेटच्या ऊतीत त्या ग्रंथीपुरते मर्यादित प्रतिजन असल्याचे दाखवले. ते नेमके कोणते रेणू होते, हे त्या प्रयोगांतून ठरवता येत नाही. जपानमध्ये मित्सुवो हारा यांनी न्यायवैद्यकाच्या गरजेतून वीर्यातील एक प्रथिन वेगळे केले आणि त्याला गॅमा-सेमिनोप्रोटीन म्हटले. त्यांचे काम १९६६ पासूनचे मानतात. सविस्तर निबंध १९७१ चा असून तो जपानी भाषेत असल्याने पाश्चात्त्य संशोधकांच्या नजरेत उशिरा आला. रिचर्ड ॲबलिन यांनी १९७० मध्ये प्रोस्टेटमधील प्रतिजनांचे वर्णन प्रसिद्ध केले. ली आणि बेलिंग यांनी १९७३ मध्ये वीर्यातून ई-१ नावाचे प्रथिन शुद्ध केले, तर जॉर्ज सेन्साबॉ यांनी १९७८ मध्ये पी-३० या नावाने लैंगिक अत्याचाराच्या तपासात उपयोगी पडणारे प्रथिन वर्णिले. बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत मिंग वांग, टी. मिंग चू आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मानवी प्रोस्टेटच्या ऊतीतून प्रतिजन शुद्ध केले आणि पुढच्याच वर्षी ते रुग्णांच्या रक्तात मोजता येते हे याच गटाने दाखवले.

यांपैकी हारा, ली-बेलिंग, सेन्साबॉ आणि वांग यांची प्रथिने एकच असल्याचे पुढे रासायनिक रचनेवरून स्पष्ट झाले. ॲबलिन यांच्या प्रतिजनाबाबत मात्र असा थेट पुरावा दाखवणे कठीण आहे, कारण ते त्या वेळी शुद्ध केलेले नव्हते. म्हणून वीर्यातील प्रथिनाचे श्रेय हारा यांना आणि रक्तचाचणीचे श्रेय रॉझवेल पार्कच्या गटाला देणे अधिक सयुक्तिक वाटते. ॲबलिन यांचे नाव वेगळ्या कारणानेही लक्षात राहते : सरसकट चाळणीसाठी या चाचणीचा वापर करण्यास त्यांनी स्वतः २०१० मध्ये जाहीर विरोध केला.

या प्रथिनाचे काम वीर्य पातळ करणे, म्हणजे सेमिनोजेलिन या प्रथिनाचे तुकडे करणे, हे आहे. ते प्रोस्टेटचे वैशिष्ट्य आहे, कर्करोगाचे नव्हे. ग्रंथीची वयोमानाने होणारी वाढ, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे किंवा नळी घालणे यांमुळेही रक्तातील पातळी वाढते. वाढलेल्या ग्रंथीवरचे फिनास्टेराइड हे औषध चालू असेल तर ती जवळपास निम्मी दिसते.

पुराव्याचा प्रवास : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पीएसए चाचणीला १९८६ मध्ये परवानगी दिली, ती निदान झालेल्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी. कर्करोग शोधण्यासाठीची परवानगी १९९४ ची. तीही ५० वर्षांवरील पुरुषांत, बोटाच्या तपासणीच्या जोडीने. विल्यम कॅटलोना यांच्या १९९१ च्या निबंधानंतर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही सीमा रूढ झाली. ही सीमा पाठ करणे सोपे आहे आणि गैरसमजाचे मूळही तिथेच आहे. पातळी ४ ते १० च्या दरम्यान असलेल्या पुरुषांपैकी साधारण चौघांत एकालाच ऊतितपासणीत (बायॉप्सीत) कर्करोग आढळतो. उलट, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत पातळी ४ किंवा कमी असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के पुरुषांत कर्करोग सापडला होता.

चाळणीने मृत्यू टळतात का, याचे दोन मोठे अभ्यास २००९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. सुमारे ७६,७०० पुरुषांच्या अमेरिकी अभ्यासात फरक दिसला नाही. पण तुलनेच्या गटातील अनेकांनी बाहेर पीएसए करून घेतले होते, त्यामुळे त्या निष्कर्षाचे वजन कमी मानतात. युरोपीय अभ्यासात ५५ ते ६९ वयोगटात मृत्युदर सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. याच अभ्यासाचा २३ वर्षांचा पाठपुरावा २०२५ मध्ये आला. त्यानुसार घट १३ टक्के असून, एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ पुरुषांना चाळणीस बोलवावे लागते आणि चाळणी नसती तर झाली नसती अशा १२ जास्तीच्या निदानांची किंमत मोजावी लागते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ मध्ये चाळणीविरुद्ध शिफारस केली आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी ती बदलून निर्णय डॉक्टर व रुग्ण यांच्या चर्चेवर सोपवला.

हे सर्व पुरावे श्रीमंत देशांतले आहेत. पीएसए वाढलेले आढळले की पुढे ऊतितपासणी, ग्लीसन प्रतवारी (कर्करोग किती आक्रमक आहे हे ऊतीवरून ठरवणे), शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, अथवा नियमित देखरेख ही साखळी तेथे उपलब्ध असते. विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये मांडलेल्या निकषांत निदानाच्या आणि उपचारांच्या सोयी आधी हव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. ती साखळी नसताना शिबिरात रक्त तपासून आकडा हातात देणे म्हणजे रुग्णाला भीती देऊन वाटेत सोडणे होय.

विद्यार्थ्यांचे ज्ञान : या विषयावरील पाहण्या बहुतांशी प्रश्नावलीवर आधारित, एकाच वेळी एका महाविद्यालयात केलेल्या असतात. वॉर्डात काम सुरू झालेल्या वर्षांतील विद्यार्थी आरंभीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांहून अधिक गुण मिळवतात, हे त्यांतून साधारणतः दिसते आणि ते अपेक्षितही आहे. अडचण प्रश्नांच्या स्वरूपात आहे. ‘पीएसए चाचणी माहीत आहे का’, ‘कोणत्या वयापासून चाळणी करावी’ असे प्रश्न विचारले की एका विशिष्ट देशाच्या विशिष्ट वर्षाच्या शिफारशीशी जुळणारे उत्तर बरोबर धरले जाते. शिफारशी २०१२ आणि २०१८ मध्ये उलटसुलट झाल्या असल्याने तेच उत्तर एका पाहणीत अज्ञान, तर दुसरीत ज्ञान ठरू शकते. एका वाढलेल्या आकड्यावरून कर्करोग असण्याची शक्यता किती, अतिनिदान (आयुष्यात कधीच त्रास न देणारा कर्करोग शोधला जाणे) म्हणजे काय, आणि लक्षणे असलेल्या माणसाची तपासणी ही चाळणी नव्हे, हे समजले आहे का, असे प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

यातला शेवटचा भेद अल्पसाधन देशांत सर्वांत निकडीचा आहे. तेथे बहुसंख्य रुग्ण कर्करोग हाडांत पसरल्यावर येतात : कंबर सतत दुखते, लघवी अडते, कधी मणक्यावर दाब येऊन पाय लुळे पडलेले असतात. अशा रुग्णात पीएसए आणि बोटाची तपासणी निदानासाठी करायची असते, आणि ती लगेच करायची असते. चाळणीविरुद्धच्या शिफारशी वाचून लक्षणे असलेल्या वृद्धाचीही तपासणी टाळणारा विद्यार्थी आणि शिबिरात सरसकट पीएसए मागवणारा विद्यार्थी, या दोघांची चूक एकाच गोंधळातून होते. पसरलेल्या रोगावर वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया स्वस्त आणि परिणामकारक आहे. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये तिचा उपयोग दाखवला आणि संप्रेरकांवरील या कामासाठी १९६६ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. जिल्हा रुग्णालयातही ती होऊ शकते. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णासाठीही निदानाला अर्थ असतो, हे विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे.

बोटाची तपासणी (भारतीय वॉर्डांतील बोलीत ‘पीआर’) हे वेगळेच कौशल्य आहे. निरोगी ग्रंथी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यासारखी मऊ-लवचीक लागते. कर्करोगात ती कठीण, खडबडीत होते आणि मधली खाच बुजते. चाळणीचे साधन म्हणून तिची कुवत कमी आहे : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात प्राथमिक स्तरावर तिची संवेदनशीलता (कर्करोग असलेल्यांना ओळखण्याचे प्रमाण) सुमारे ५१ टक्के आणि विशिष्टता (कर्करोग नसलेल्यांना निर्दोष ठरवण्याचे प्रमाण) सुमारे ५९ टक्के आढळली. लघवीचा त्रास असलेल्या रुग्णात मात्र, प्रयोगशाळा दूर असताना, ती हाताशी असलेली एकमेव तपासणी असते. विद्यार्थ्यांना ती शिकवण्यात संकोच, आडोशाचा अभाव, रुग्णाची संमती घेण्याची घाई आणि एकाच रुग्णाभोवती जमलेली गर्दी या अडचणी येतात. रुग्णाला नीट समजावून, एकाच विद्यार्थ्याने, शिक्षकाच्या देखरेखीखाली ती करावी, हा दंडक रुग्णाच्या प्रतिष्ठेसाठी पाळलाच पाहिजे.

भारत व महाराष्ट्र : भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित एमबीबीएस अभ्यासक्रमात प्रोस्टेटची बोटाने तपासणी पुतळ्यावर किंवा तत्सम साधनावर करून दाखवणे अपेक्षित आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची चाळणी आहे. प्रोस्टेटचा समावेश नाही, आणि उपलब्ध पुराव्यांच्या दृष्टीने ते योग्यच दिसते. शहरी नोंदवह्यांत, पुण्यासह, हा कर्करोग पुरुषांतील वरच्या क्रमांकांवर आहे. ग्रामीण चित्रासाठी १९८७ मध्ये सुरू झालेली बार्शीची नोंदवही हा महाराष्ट्रातील मुख्य आधार असून तेथील प्रमाण शहरांच्या तुलनेत कमी आहे. तपासणीच कमी होत असल्याचा वाटा त्यात असू शकतो.