गरोदरपणातील सेप्सिस : निकषांच्या वादाची पार्श्वभूमी

हात धुण्याने सूतिकाज्वराचे, म्हणजे बाळंतपणानंतर संसर्गाने येणाऱ्या तापाचे, मृत्यू घटतात हे १८४७ मध्ये व्हिएन्नात दिसले, आणि १९३० च्या दशकात सल्फा औषधे व त्यापाठोपाठ पेनिसिलिन आल्यावर हा आजार बराच आटोक्यात आला. त्यानंतर तो जवळजवळ संपल्यासारखा मानला गेला. २००६ ते २००८ या काळात मात्र ब्रिटनमध्ये गरोदरपणाशी थेट संबंधित मातामृत्यूंच्या कारणांत सेप्सिस, म्हणजे संसर्गातून उद्भवणारी जीवघेणी अवस्था, पहिल्या स्थानावर होता. त्यांतील अनेक स्त्रियांना अ गटाच्या स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची लागण झालेली होती, आणि काहींच्या बाबतीत आधी केवळ घसादुखीची तक्रार होती.

मग प्रश्न उभा राहिला तो ओळखण्याचा. १९९१ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार ताप, नव्वदच्या वर नाडी, विसाच्या वर श्वसनगती आणि रक्तात बारा हजारांच्या वर पांढऱ्या पेशी, यांपैकी दोन गोष्टी आढळल्या आणि संसर्गाचा संशय असला की सेप्सिस धरला जाई. पण प्रसूतिकळा सुरू असलेल्या निरोगी स्त्रीची नाडी शंभरावर जाणे आणि पांढऱ्या पेशी पंधरा-सोळा हजारांवर असणे अगदी स्वाभाविक आहे. परिणामी प्रसूतिकक्षात इशारे इतक्यांदा मिळू लागले की खऱ्या इशाऱ्याचेही वजन कमी झाले.

२०१६ मध्ये हे निकष बाजूला सारून संसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयवांचे कार्य बिघडणे, अशी नवी व्याख्या आली. ती तात्त्विकदृष्ट्या नेमकी असली तरी तिच्यासोबतचे आकडे गरोदर नसलेल्या रुग्णांवरून ठरले होते. शंभर किंवा त्याखालचा वरचा रक्तदाब हे धोक्याचे चिन्ह ठरले, परंतु गरोदरपणाच्या मध्यावर तो मुळातच उतरतो. मूत्रपिंडाच्या बिघाडाची पहिली पायरी क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकते तो घटक) १.२ वर ठेवली गेली, परंतु गरोदर स्त्रीत एक हा आकडासुद्धा चिंताजनक असतो. म्हणजे एकीकडे नाहक धावपळ आणि दुसरीकडे खरा बिघाड नजरेआड, असे दोन्ही तोटे एकाच तक्त्यात आले.

२०१७ च्या मातृसेप्सिसच्या जागतिक व्याख्येत गर्भावस्था, प्रसूती, गर्भपातानंतरचा आणि बाळंतपणानंतरचा काळ एकत्र आला, मात्र आकडे देण्यात आले नाहीत. त्याच वर्षी दुसरीकडे वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली, श्वसनगती पंचवीस किंवा अधिक आणि शुद्धीत बदल, असे बदललेले निकष सुचवण्यात आले. हा बदल योग्य दिशेचा आहे, तरीही तरुण स्त्रीचे शरीर रक्तदाब बराच वेळ सावरून धरते, आणि स्ट्रेप्टोकोकसचा आजार काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून अवयव ढासळण्याची वाट पाहणारी कोणतीही व्याख्या उपचार सुरू करण्याचा उंबरठा मानली जाऊ नये.

प्रतिबंधाची चर्चा त्यामानाने उशिरा पुढे सरकली. २०२३ मध्ये सात देशांतील मोठ्या चाचणीत, योनीमार्गे प्रसूती अपेक्षित असलेल्या स्त्रियांना कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा दोन ग्रॅमचा एकच डोस दिल्यावर मातेचा सेप्सिस किंवा मृत्यू यांचे प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आले. नवजात बाळांत तसा लाभ दिसला नाही, आणि सरसकट वापराने प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढतील का, हा वाद अजून चालू आहे.