मिताते की यात्सुशी? गणिकांच्या जपानी चित्रांमागचा शब्दांचा गुंता

लाल झग्यात डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळलेली तरुण स्त्री. केस आणि चेहरा गणिकेचा, झगा मात्र दारुमाचा. दारुमा म्हणजे दक्षिण भारतातून चीनला गेला असं परंपरा सांगते तो बोधिधर्म, भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षं ध्यानाला बसलेला. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, योशिवारा या परवानाधारक गणिकावस्तीतल्या एका गणिकेने ही गोष्ट ऐकली आणि म्हणाली, नऊ वर्षांचं काय घेऊन बसलात, आम्ही दहा वर्षं बसतो. आख्यायिका म्हणूनच ती सांगितली जाते, पण त्यातलं बसणं खरं आहे. लाकडी गजांआड, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर, बहुधा दहा वर्षांच्या कराराने. त्या वस्तीच्या बोलीत या आयुष्याला 'कुगाई' म्हणत, म्हणजे दुःखाचं जग.

अशा चित्रांना आज सरसकट 'मिताते-ए' म्हणतात आणि आपल्याकडे त्याचं भाषांतर 'विडंबन' असं होतं. सगळा गुंता इथेच सुरू होतो.

हे नाव त्या चित्रकारांनी क्वचितच वापरलं. अठराव्या शतकातल्या चित्रांवर छापलेली शीर्षकं वाचली तर वारंवार दिसतो तो दुसराच शब्द, 'यात्सुशी'. छापचित्रकार हारुनोबूने जुन्या काळातली कवयित्री कोमाची हिच्या सात कथांवर मालिका काढली, तिच्या शीर्षकात 'फूर्यू यात्सुशी' आहे ('फूर्यू' म्हणजे ढंगदार, आजच्या चालीचं). १७९० च्या आसपास एइशी या चित्रकाराने 'गेंजी' या जुन्या दरबारी कादंबरीवर केलेल्या मालिकेतही तेच शब्द. असं असून विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी आणि संग्रहालयांनी दोन्ही प्रकारांवर 'मिताते' ही एकच चिठ्ठी चिकटवली. सोय झाली, पण फरक पुसला गेला.

फरक असा. 'यात्सुशी'चं मूळ क्रियापद आहे 'यात्सुसु', स्वतःला साध्या, हलक्या रूपात आणणं. काबुकी या लोकप्रिय नाट्यप्रकारात बड्या घरचा मुलगा कागदी झगा घालून, फाटक्या अवस्थेत रंगमंचावर येतो, तो यात्सुशी. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जातं ते 'सोंग घेणं'. सोंगाखालचा माणूस तोच असतो, उतरलेला असतो फक्त वेश. 'मिताते' हा हायकाई, म्हणजे हायकूची जननी असलेल्या खेळकर कवितेत मुरलेला खेळ. त्यात एक वस्तू दुसरीसारखी पाहायची असते आणि दोन्ही वेगळ्याच राहतात.

निखळ मिताते पाहायचा असेल तर हारुनोबूची १७६६ च्या सुमाराची 'झाशिकी हाक्केई' ('खोलीतली आठ दृश्यं') मालिका घ्यावी. चीनमधल्या शियाओ-शियांग नद्यांची आठ दृश्यं चित्रकलेत शतकानुशतकं गाजलेली. हारुनोबूने ती घरातल्या खोलीत आणली. कोतो या वाद्याच्या तारांखाली तिरक्या ओळीत लावलेल्या घोड्या म्हणजे उतरणारे हंस, आरशाची तबकडी म्हणजे शरदाचा चंद्र, घड्याळाचा ठोका म्हणजे मंदिराची सांजघंटा. इथे कुणीच कुणाचं सोंग घेतलेलं नाही. नजर तेवढी पलटली आहे. बहुरंगी छपाईला जोर आला तोही १७६५ मध्ये, हौशी मंडळींनी वाटायला काढलेल्या दिनदर्शिकांमधून. त्यांत वर्षातल्या मोठ्या (३० दिवसांच्या) आणि छोट्या (२९ दिवसांच्या) महिन्यांचे आकडे चित्रात लपवलेले असत. असा शोधून काढण्याचा आनंद या प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला होता.

गणिकांची चित्रं बहुतेक यात्सुशीच्या बाजूची. एगुची गावच्या गणिकेची, 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकारातली कथा प्रसिद्ध आहे. ती शेवटी फुगेन, म्हणजे समंतभद्र बोधिसत्त्व, होऊन पांढऱ्या हत्तीवर बसून जाते. चित्रकारांनी एदोची गणिका हत्तीवर बसवली आणि पोथीच्या जागी तिच्या हाती पत्र दिलं. बोधिसत्त्व खाली आला की गणिका वर गेली? 'विडंबन' म्हटलं की टिंगल गृहीत धरली जाते आणि हा प्रश्नच उरत नाही. दारुमाच्या चित्राकडेही बुद्धीचा खेळ म्हणून पाहिलं की त्यातली दहा वर्षं गळून पडतात. योशिवाराजवळच्या जोकानजी मंदिरात सुमारे २५,००० जणींना मूठमाती मिळाली असं मानतात. लोक त्याला 'टाकून देण्याचं मंदिर' म्हणत. ही माहिती संग्रहालयात चित्राच्या पाटीवर यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे या खेळाला सरकारी कारणही मिळालं. १७९० पासून चित्रांवर तपासणीचा शिक्का सक्तीचा झाला. त्याच दशकात परवानाधारक गणिका सोडून इतर स्त्रियांची नावं छापायला मनाई आली, तेव्हा चित्रकार उतामारोने नावं चित्रकोड्यांत दडवली. मग कोड्यांवरही बंदी आली. १८४२ मध्ये चैन आणि उधळपट्टीवर बंधनं घालणाऱ्या सरकारी तेन्पो सुधारणांनी तर गणिका आणि नट यांची चित्रंच बंद केली.

चित्रकार कुनियोशीचं १८४६ चं तीन पानी चित्र त्या बंदीनंतरचं. योशिवारा आगीत जळाल्यावर धंदा तात्पुरत्या जागी हलला, त्याचं हे दृश्य. वस्तीत नेहमी घिरट्या घालणाऱ्या गिऱ्हाइकांना बोलीत 'चिमण्या' म्हणत. कुनियोशीने तो शब्द अक्षरशः घेतला आणि गिऱ्हाइकांबरोबर गणिकाही चिमण्या केल्या. याला मिताते म्हणावं की यात्सुशी, यावर एकमत होणं कठीण. किमोनो आणि त्यावरची नक्षी सगळी गणिकेची, आणि गळ्यावर मात्र चिमणीचं डोकं.